माझे डोळे, तिची अव्वा

एका मेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मी माझे डोळे बसवले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला मी शहाणी वाटायला नको. कुणाचं वाईट करावं असं मनात नव्हतं. फोटो चांगला दिसावा म्हणून बसवले, आणि ते नीट बसले तेव्हा खुर्चीत एकटीच टाळी वाजवली. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. आता अडुसष्टावं चालू आहे, त्यामुळे त्या बासष्टच्या पोरीला नावं ठेवायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

पोरगी म्हणजे काय, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई. खडू सुटला होता, पण दुसऱ्याच्या चुका काढायची सवय सुटली नव्हती. घरात लाल पेन घेऊन बसायला वह्या नव्हत्या, म्हणून ती वर्तमानपत्रातले काने-मात्रे दुरुस्त करायची. अशा माणसाच्या हातात फोटो सुधारायचं यंत्र देऊ नये. पण दिलं, माझ्या नातीनंच दिलं.

मुलीची मुलगी. पुण्यात शिकत होती, आणि टाळेबंदीत आमच्या सोलापूरच्या घरी येऊन अडकली. माझं तोंड बंद राहावं म्हणून असेल, तिनं तिचा जुना लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला, फोटो दुरुस्तीचा एक फुकटातला प्रोग्रॅम उघडला आणि म्हणाली, "आजी, पहिली गोष्ट. मूळ फोटोला हात लावायचा नाही. कॉपी करायची आणि कॉपीवर काय तो गोंधळ घालायचा."

"म्हणजे रफ वही आणि फेअर वही."

"हां. फक्त इथं रफ वहीच फेअर होते."

मग तिनं मला लेयर शिकवले. ते मला पटकन समजले, कारण बत्तीस वर्षं मी पोरांना बटर पेपर ठेवून महाराष्ट्राचा नकाशा गिरवायला लावला होता. खालचा नकाशा खाली, आपली रेघ वरच्या कागदावर. बिघडलं तर वरचा कागद फाडायचा, खालच्याला धक्का नाही. क्लोन म्हणजे चादरीवरचा रफू, हेही कळलं. ज्या चादरीला भोक पडलंय तिचाच दोरा घ्यायचा, शेजारचा. तोही उभ्याला उभा आणि आडव्याला आडवा. गालावरची चीर बुजवायची तर गालावरचंच कातडं उचलायचं, कपाळावरचं उचललं की ठिगळ दिसतं. एक गोष्ट मात्र मी शिकले नाही. नात सारखी ओरडायची, "आजी, झूम कमी कर! लांब जाऊन बघ!" मी चेहरा इतका मोठा करून बसायचे की नाकपुडीची विहीर व्हायची. त्या विहिरीच्या काठावर मी तासन् तास गाळ काढत बसलेली. मग फोटो लहान केला की कळायचं, माणूसच गेलाय, गाळ काढलेली विहीर तेवढी उरलीय.

नात पुण्याला परत गेली. लॅपटॉप राहिला. त्या बासष्टच्या पोरीनं नातेवाइकांवर हात चालवायला सुरुवात केली. धाकट्या जावेचा साठीचा फोटो तिनं इतका गुळगुळीत केला, की जावेचा फोन आला.

"अहो अक्का, माझं तोंड कुठं गेलं?"

"का गं? सुरकुत्या काढल्या तुझ्या."

"सुरकुत्या ठीक आहे. हा तर उकडून सोललेला बटाटा आहे. ह्यांना दाखवला तर म्हणाले, ही कोण पाहुणी?"

मी हसले. हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नव्हती, हे नंतर कळलं. ओळख पुसली जाते ती अशीच, एकेक डाग काढत. पण तेव्हा मला वाटलं, जावेला कला कळत नाही.

अशी माझी ख्याती गल्लीभर झालेली असताना मागच्या गल्लीतली भाकरीवाली माझ्याकडे आली. ती कडक भाकऱ्या करून विकते. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. वीस वर्षं मी तिच्याकडूनच नेते. तेव्हा ती अठ्ठेचाळीस-पन्नासची असेल. मला काकू म्हणते. दारातच उभी राहिली, आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणात, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत ठेवलेला एक फोटो तिनं माझ्यापुढं धरला. हाताच्या पंजाएवढा, कडा वळलेल्या. एक तरुण बाई भिंतीला टेकून बसलेली, गळ्यात हारांवर हार, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पट्टी, डोळे मिटलेले.

मला काही सांगावं लागलं नाही. आमच्या लिंगायत घरांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळभर विभूती लावतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, आणि बसलेल्यालाच मातीत ठेवतात. त्याआधी फोटो काढायची पद्धत होती. खेड्यात जितेपणी कॅमेऱ्यासमोर बसायची वेळ फार थोड्यांवर यायची, म्हणून पुष्कळ घरांत मागच्या माणसांचा एकुलता एक फोटो असा, गेल्यानंतरचा असतो. मग फोटोवाले बारीक ब्रशानं कागदावरच्या मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून द्यायचे. माझ्या माहेरी मोहोळला पणजोबांचा असा फोटो होता. रंगवणाऱ्यानं डोळे इतके टपोरे काढले होते, की आम्ही पोरं त्यांच्यासमोर जेवायला बसायचो नाही.

"माझी अव्वा," भाकरीवाली म्हणाली. त्यांच्या कानडीत आईला अव्वा म्हणतात. "मी दीड वर्साची हुते. दुधनीला. ताप आला आन् तिसऱ्या दिवशी गेली. बापानं दुसरं लगीन केलं, फोटो गेला ट्रंकंत. बाप गेल्यावर ट्रंक उघडली तर ही बसलीवती."

"डोळे कुणी उघडून घेतले नाहीत?"

"कोन घेणार? त्येच्यासाठीच आलेय की. लेकीचं लगीन धरलंय. मांडवात ठेवायचाय फोटो." ती हातातलं रिकामं झाकण पदरानं पुसत राहिली. "तिनं माझ्याकडं बघितल्यालं मला आठवत न्हाय, काकू. बघितलं असंल की. दीड वर्स बघितलंच असंल. पन मला आठवत न्हाय."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं दोन प्रश्न विचारले असते. तुझी आई बघायची कशी? आणि तिला बघितलेलं कुणी अजून आहे का? मी विचारलं, "प्रिंट केवढी हवी?"

नव्या पेठेतल्या दुकानातून फोटो मोठा स्कॅन करून आणला. मूळ प्रिंट मी कपाटात, जुन्या हजेरीपटाच्या दोन पानांत ठेवली. मूळ स्कॅनही नातीच्या सांगण्याप्रमाणे वेगळ्या फोल्डरमध्ये, हात न लावता. त्या पोरीनं पाळलेला हा एकच नियम, आणि त्यावरच पुढचं सगळं तरलं.

मग आठ दिवस मी त्या बाईपाशी बसून होते. भेगा बुजवल्या. हार काढले, हार काढले तर खाली लुगडं नाही, मग पदराचाच तुकडा उचलून उचलून छातीवर लुगडं नेसवलं. हनुवटीची पट्टी काढली आणि जबड्याची रेघ हळूहळू जुळवली. खरं सांगते, हे काम मी चांगलं केलं. बाई खूप देखणी होती. बावीस-तेवीसची असेल. खाली डाव्या कोपऱ्यात फोटो काळाकुट्ट होता आणि त्या काळ्यात एक पांढुरका फराटा होता, ओल्या बोटानं पुसल्यासारखा. ओल लागली असणार. तो भाग दुरुस्त करत कोण बसणार म्हणून मी पडद्यावरची खालची चार बोटं फोटो कापूनच टाकला. चेहरा मधोमध आला. क्रॉप केल्यावर फोटो उठून दिसतो, हे नुकतंच शिकले होते ना!

राहिले डोळे. डोळे काढता येत नाहीत, आणावे लागतात. आणायचे तर ते त्याच जमान्यातल्या फोटोतले हवेत, नाहीतर कागदाचा दाणा जुळत नाही. त्याच वयाचे हवेत. उजेड त्याच बाजूनं आलेला हवा; एका डोळ्यात उजेड डावीकडून आणि नाकावर उजवीकडून, असं झालं की चेहरा खोटं बोलायला लागतो. इंटरनेटवरच्या नट्यांचे डोळे लावून पाहिले, तर दुधनीची बाई सिनेमाला निघाल्यासारखी दिसायला लागली. आणि मग मला माझ्या लग्नाचा अल्बम आठवला.

काळा-पांढरा फोटो. विसाव्या वर्षातली मी, मुंडावळ्यांच्या मागं. उजेड डावीकडून, दारातून. त्या दिवशी फोटोवाल्यानं मला दम दिला होता, "ताई, डोळे मिटायचे नाहीत." दुसऱ्यानं सांगितलं की ऐकायचं, एवढंच त्या मुलीला शिकवलेलं. तिनं डोळे जे ताणून धरले ते पाणी येईपर्यंत. अल्बमभर ती अशी बघतेय, की वाटावं हिच्यासमोर नवरा नाही, गणिताचा पेपर ठेवलाय. त्यातल्या एका फोटोत ते डोळे थोडे ढिले पडले होते. तेवढेच उचलले. नवीन लेयर. थोडे लहान केले, अर्धा अंश फिरवले, कडा मऊ केल्या, ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, उतरवली, वर थोडा दाणा पेरला. आणि ते बसले. डब्यावर त्याचंच झाकण बसावं तसे. बाई माझ्याकडे बघायला लागली.

टाळी वाजवली ती तेव्हा.

भाकरीवालीला फोटो नेऊन दिला. ती शेगडीपुढच्या पाटावर बसली, फोटो गुडघ्यावर ठेवला, आणि कितीतरी वेळ बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली. मग तिनं एवढंच विचारलं, "कसं केलं हो काकू?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "असतं तसं कॉम्प्युटरमध्ये."

तिनं फोटो फ्रेम करून, ती भाकरी थापते तिथं समोरच्या भिंतीवर लावला. आठवड्यातून दोनदा मी भाकरीच्या निमित्तानं जायचे. दार ओलांडलं की समोर मीच. बायका दुसऱ्यांच्या सुनांकडे बघतात तशी विसाव्या वर्षातली मी बासष्टच्या माझ्याकडे बघायची. आधी मला गंमत वाटली. मनात म्हणायचे, बघ गं मुली, तुझं लग्नात कुणी कौतुक केलं नाही, इथं रोज फुलं मिळताहेत.

मग गंमत ओसरायला लागली. एकदा ती म्हणाली, "काकू, अव्वा कुटं बी बसलं तरी माझ्याकडंच बघलालीय की." एकदा म्हणाली, "लेकीला त्या घरात देऊ का नको, मी अव्वाला इचारलं. तिनं व्हय म्हनलं." आणि एके दिवशी मी दारात पोचले तर ती फोटोसमोर उभी होती, पाठ माझ्याकडे, आणि कानडीत हळूहळू काहीतरी सांगत होती. शब्द मला ऐकू आले नाहीत. सूर ऐकू आला. तो मोठ्या बाईचा सूर नव्हता. मी पावलं न वाजवता मागं फिरले, आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? आपलं काम किती बेमालूम झालंय!

ही लाज अजून जात नाही. डोळे बसवले त्याची थोडी, पण त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन चालत घरी आले त्याची जास्त.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना मी तिच्याकडे गेले, आहेराची साडी द्यायला. घरात पाहुणे यायला सुरुवात झाली होती. तिची मोठी मावशी वळसंगहून आली होती. अव्वाची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची, लहानखुरी, कपाळावर विभूतीच्या तीन स्पष्ट रेघा. मावशी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं ना. भाकरीवालीनं मावशीचा हात धरून तिला भिंतीसमोर आणलं, लहान मुलगी चित्र दाखवायला आणते तसं.

मावशीनं फोटो पाहिला. जवळ गेली. परत मागं आली. नातीनं मला जे शंभरदा सांगितलं होतं ते ती बाई न शिकता करत होती. मग कानडीत म्हणाली, "इकी यार?" ही कोण?

"अव्वा की गं! डोळं उघडून घेतल्यात."

मावशीनं मान हलवली. "अंग तिचं हाय," ती म्हणाली. "बघती ती दुसरीच कुनीतरी."

"म्हातारी झालीस तू. दिसत न्हाय तुला."

"सुईत दोरा ओवते मी अजून. माझी भन अशी बघत न्हवती. ती हसल्याबिगर कुनाकडं बघायचीच न्हाय. ह्या बाईला कशाचं तर भ्या वाटलालंय."

भाकरीवाली माझ्याकडे वळली. मला अजूनही खोटं बोलता आलं असतं, हे मी तुम्हाला सांगते. कॉम्प्युटरनं केलं, कॉम्प्युटर चुकला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आमच्या पिढीत कॉम्प्युटरवर ढकललेलं पाप परत कुणी तपासत नाही. पण मावशीनं ती भीती ओळखली होती. बेचाळीस वर्षांत माझ्या नवऱ्यानं, सासूनं, माझ्या स्वतःच्या आईनं त्या फोटोत जे पाहिलं नव्हतं, ते त्या बाईनं उभ्या उभ्या पाहिलं. तिच्यासमोर मला खोटं बोलता येईना.

"माझे आहेत ते डोळे," मी म्हणाले. "माझ्या लग्नातले."

तवा तापलेला होता. भाकरीवालीनं आधी गॅस बंद केला. मग स्टूल ओढलं, वर चढली, फोटो खिळ्यावरून काढला आणि भिंतीकडं तोंड करून जमिनीवर ठेवला. स्टुलावरून उतरताना तिनं माझा हात धरला नाही. खाली आल्यावर म्हणाली,

"म्हंजे इतकं दिवस मी तुमच्यासंगं बोलत हुते व्हय?"

ती काय काय बोलली असेल ते मी ऐकलं नव्हतं, पण कुणालाही सांगू नये असं काहीतरी तिनं त्या भिंतीला सांगितलं होतं, आणि ते चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं. मी साडी पाटावर ठेवली. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बस की." पण मी थांबले नाही.

त्यानंतर दोन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, ऊन असं की अंगणात पाय ठेवता येईना, दोघी माझ्या दारात. भाकरीवाली उंबऱ्याबाहेरच उभी.

"जुना फोटो द्या. परवा लगीन हाय. डोळं मिटल्याला तर मिटल्याला, तोच ठिवते."

मी हजेरीपट काढला. मावशीनं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बारीक हाय," म्हणाली. "पोरी, ह्यांच्या त्या पेटीत मोठा दिसतो म्हनलीवतीस न्हवं? दाखवा की."

भाकरीवालीला आत यायचं नव्हतं. मावशी आली, म्हणून ती आली.

मी मूळ स्कॅन उघडला. कापलेला नाही, पुसलेला नाही, भेगांसकट. पडदाभर ती बाई, हारांसकट, पट्टीसकट, मिटलेली. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हीच." तिचे ओठ हलत होते. मग तिचं बोट पडद्यावरून खाली सरकत आलं, लुगड्यावरून, मांडीवरून, खालच्या डाव्या कोपऱ्यात, आणि त्या पांढुरक्या फराट्यावर थांबलं.

"ह्यो तुमच्या मोठ्या फोटोत न्हवता."

"ओल लागलीय तिथं. मी कापला तो भाग."

"ओल?" मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी शाळेत कच्च्या पोरांकडे कशी बघत असेन ते मला त्या दिवशी कळलं. "ओल न्हवं बाई. ही हाय ती." आणि तिनं मागं दाराशी उभ्या असलेल्या भाकरीवालीकडं बोट केलं. "पदर सोडंना. फोटोवाला म्हनला, लेकराला बाजूला घ्या. मी हिला वढली, हिनं परत हात घातला. मी परत वढली, परत घातला. तवर त्येनं फटकन काढला फोटो. आमच्या बापानं त्येला शिव्या दिल्या, लेकराचा हात आला म्हनून."

मी माऊस हातात घेतला.

मी कोपरा मोठा केला. आणि त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा हे काम करायचं तसं केलं. काही पुसलं नाही, काही चिकटवलं नाही. वर एक कोरा लेयर घेतला आणि फक्त सावल्या उचलल्या. थोड्या. परत थोड्या. काळ्यातनं आधी लुगड्याचा काठ वर आला. मग काठाची एक चुणी, कुणीतरी मुठीत धरल्यावर पडते तशी, सगळ्या रेघा एका ठिकाणी गोळा झालेल्या. आणि त्या गोळा झालेल्या जागी तो फराटा. हात हललेला, म्हणून बोटं मोजता येत नव्हती. मनगट असावं अशा जागी एक काळी बारीक रेघ, मध्ये मध्ये तुटलेली.

"दृष्टीचं मनी," मावशी म्हणाली. "मीच बांधलं हुतं."

मी शपथ घेणार नाही. प्रिंटवरचा ओरखडाही तसा दिसू शकतो, हे मला या कामानं शिकवलंय. पण चुणी खोटी नव्हती. कापड आपलं आपण तसं गोळा होत नाही.

मी मान वर केली. भाकरीवाली माझ्या खुर्चीमागं कधी आली होती मला कळलं नाही. तिनं पदराला हात पुसला आणि बोट पडद्यावर टेकवलं, त्या फराट्यावर. माझ्या पडद्याला कुणी बोट लावलेलं मला खपत नाही, नातीलाही मी ओरडते. तिचं बोट तिथं किती वेळ होतं कोण जाणे. भाकऱ्या थापून थापून रुंद झालेलं, नखाच्या कडेला पीठ वाळलेलं बोट, आणि त्याखाली तो धुरकट ठिपका.

माझे हात शिवशिवत होते, हे लपवत नाही. त्या ठिपक्यातनं हात काढणं मला जमलं असतं. दीड वर्षाच्या कुठल्याही मुलाचा हात आणायचा, दाणा पेरायचा, मनगटावर मणी ओवायचे. कुणाला कळलं नसतं. आता तर फोनमधली ॲप आपण न सांगताच पाच बोटं काढून देतात, कधी कधी सहासुद्धा. बासष्टच्या पोरीनं ते केलंच असतं, आणि वर टाळी वाजवली असती. तीन दिवसांपूर्वीपर्यंत ती पोरगी मीच होते, त्यामुळे ती अजून फार लांब गेली नव्हती. मी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"प्रिंट आज संध्याकाळपर्यंत मिळेल," मी म्हणाले. "खालचा कोपरा न कापता, पूर्ण. भेगा तेवढ्या बुजवते. हार, पट्टी काढायची का ते तू सांग. डोळ्यांचं काय करायचं, तेही तूच सांग. मावशी म्हणतात तसे हसरे हवे असतील, तर तुझ्याच एखाद्या फोटोतले घेता येतील. विचारून करेन या वेळी."

मावशीनं तिच्याकडं पाहिलं, मी पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती आमच्या दोघींकडं बघतच नव्हती. पडद्यावरचं बोट तिनं काढलं नव्हतं. मग मला म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या काकू. डोळं मिटल्यालंच ऱ्हाऊ द्या, मी धरलंय की तिला. ह्यो हात तेवढा पुसू नका. तुमचा काय भरवसा न्हाय."